मडिवाळप्पाचं पथ्य

चुलीतला निखारा पायावर पडला तेव्हा मडिवाळप्पाला चटका बसला नाही, आधी वास आला. लाकडांजवळचं गोणपाट जळतंय असं समजून त्याने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि पुन्हा कढईकडे वळला. चारशे पानांची हुग्गी होती, गव्हाची खीर. खपली गहू शिजून फुलला होता, गूळ घालायची वेळ झाली होती, आणि अशा वेळी आचारी कढई सोडत नाही. शेवटी धोंडीरामने पाहिलं. वीस वर्षं तो मडिवाळप्पाच्या हाताखाली होता. जवळ येऊन तो हळूच म्हणाला, “अण्णा, पाय बगा की.”

उजव्या पायाच्या करंगळीच्या बुडाशी निखारा चिकटून बसला होता. खालचं कातडं पांढरं पडून वळलं होतं. मडिवाळप्पाने झाऱ्याने निखारा उडवला, हळद दाबली, चिंधी बांधली आणि गूळ घातला. दुखत काहीच नव्हतं. उलट त्याला वाटलं, चाळीस वर्षं चुलीपुढे काढल्यावर पायसुद्धा हाताइतकेच निबर झाले असणार.

ही चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. लिंगायतांच्या लग्नात हुग्गी लागतेच, आणि सोलापूर, अक्कलकोट, दुधनी या सगळ्या पट्ट्यात हुग्गी म्हटलं की त्याचं नाव निघे. गूळ, खसखस, खोबरं, जायफळ सगळेच घालतात. त्याची खुबी जिभेत होती. एक बोट चाखलं की गूळ नवा की जुना, अजून किती पडायला हवा, ते त्याला बिनचूक कळे. हंगामात अशी वीस-पंचवीस बोटं दिवसाकाठी पोटात जायची. शिवाय दर तासाला पाकासारखा चहा. बायको सुंदरम्मा सात वर्षांपूर्वी वारली होती. मागे एकच मुलगी, दाक्षायणी, आता सतरा वर्षांची.

तीन आठवडे झाले तरी जखम भरेना. करंगळी काळी पडायला लागली आणि घरात वास येऊ लागला, तेव्हा दाक्षायणीनेच त्याला कुर्ले डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि पायाबद्दल काही न बोलता एक बाटली हातात देऊन त्याला मागच्या मोरीत पाठवलं. मग काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी नळीत वीट कुटून टाकल्यासारखा तांबडा गाळ बसला.

डॉक्टर विचारत गेले. तहान फार लागते का. लागते. रात्री उठावं लागतं का. तीन-चारदा. पायात मुंग्या येतात का, पाय बधिर वाटतात का. व्हय. मग त्यांनी विचारलं, मोरीत लघवीला मुंग्या लागतात का.

मडिवाळप्पा नळीतल्या तांबड्या गाळाकडे बघत राहिला. प्रश्न कळला नसेल असं समजून डॉक्टरांनी तो पुन्हा विचारला. त्याचं उत्तर न देता त्यानेच उलट विचारलं, “ह्या रोगात माणूस वाळतंय का, डॉक्टर? लई खाऊन बी?”

“वाळतो. खातो आणि वाळतो,” डॉक्टर म्हणाले. “घरच्यांना वाटतं, अंगात ताकद नाही. मग ते तूप-गूळ, गोडधोड घालत सुटतात. रोगापेक्षा त्यानंच माणूस लवकर जातो.”

बाहेर बाकावर दाक्षायणी बसली होती. तिला आत काय बोलणं झालं ते ऐकू गेलं नाही, आणि मडिवाळप्पाने पुढे दोन वर्षं ते कुणाला सांगितलं नाही.

सुंदरम्माच्या शेवटच्या वर्षात मोरीत मुंग्यांच्या रांगा लागायच्या. तो राख टाकायचा, रॉकेल टाकायचा, तरी दुसऱ्या दिवशी त्या हजर. ती घागरभर पाणी प्यायची. भूक सारखी लागायची, आणि चोळ्या मात्र सैल होत चालल्या होत्या. कुणी क्षय म्हणालं, कुणी नजर. मडिवाळप्पाला औषधातलं काही कळत नव्हतं. त्याला जे येत होतं ते त्याने केलं. रोज संध्याकाळी लग्नघरातून परतताना तो कढईच्या तळाची दाट हुग्गी डब्यात भरून आणायचा, वर वितळलेलं तूप ओतायचा आणि समोर बसून तिला खायला लावायचा. तिला नको असे. त्याने आणलंय म्हणून ती खाई. शेवटचे दोन दिवस ती झोपूनच होती आणि तिच्या श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येत होता. तेव्हा शेजारच्या बाया म्हणाल्या होत्या, पुण्यवान बाई, अंगाला सुगंध सुटलाय.

डॉक्टरांनी करंगळी काढली, गोळ्या दिल्या, आणि पथ्य सांगायला त्याला समोर बसवलं. आचारी आहे म्हटल्यावर त्यांनी त्याच्याच भाषेत सांगितलं. साखर आणि गूळ बंद, हे कुणालाही कळतं. पण न दिसणारी साखर जास्त फसवते. भात, साबुदाणा, बटाटा, रताळं, मैद्याची बिस्किटं, पोटात गेलं की सगळ्याची साखरच होते. “फरक चालीचा आहे,” ते म्हणाले. “भात रगतात पळत जातो. ज्वारीची भाकरी, त्यात पालेभाजी, उसळ असली की चालत जाते. तुमच्या शरीराला आता पळणारं काही झेपणार नाही.” भाकरीसुद्धा पोटभर नाही, एका वेळेला दीडच. पीठ चाळायचं नाही. केळी, चिकू, द्राक्षं विसरायची. उपास करायचा नाही आणि उपासाचं खायचंही नाही.

मडिवाळप्पाने स्वयंपाक म्हणून जितकं मन लावून आजवर काही केलं नव्हतं, तितकं हे पथ्य केलं. साखरेचा डबा त्याने शेजारी देऊन टाकला. ज्वारी जाड दळून आणायला सुरुवात केली. भाकरीचा गोळा मुठीत धरला की वजन कळायचं; दुसरा तो त्याच्या बरोबर निम्मा करायचा. चुका, अंबाडी, शेपू, मेथी, रोज दोन प्रकारच्या पालेभाज्या. हुलग्याचं कळण, मटकीची उसळ, पातळ ताक. शेंगाचटणी एक चमचा, कारण त्यावर दुसरी भाकरी मागावीशी वाटते. पहिले दोन महिने भुकेने त्याचे हात कापत. जेवून उठलं तरी पोटात खड्डा राही, आणि समोर चारशे माणसांच्या पंगती उठत. यजमान ताट वाढून आग्रह करत. अण्णा, तुमच्याच हातचं आणि तुमीच खात न्हाय? तो म्हणायचा, सोडलंय. लोकांना वाटे, बायकोमागे नवस केला असेल. तो तसंच वाटू देई.

प्रश्न होता चाखण्याचा. बोटभर चाखून थुंकून टाकावं तर अन्नाचा अपमान, आणि गिळावं तर वीस बोटं म्हणजे वाटीभर गूळ. त्याने तोड काढली. दाक्षायणीला तो कामावर बरोबर नेऊ लागला. ती चुलीशेजारी उभी राहून चाखायची आणि म्हणायची, “अप्पा, अजून जरा.” तिची जीभ बापावर गेली होती. दोन हंगाम तिने त्याच्यासाठी चाखलं.

डॉक्टरांनी तिलाही एकदा तपासलं. हा रोग रक्तातून येतो, आईबापांना असला तर पोरांकडे लक्ष ठेवावं लागतं, असं ते म्हणाले होते. तिच्या नळीत निळं होतं तसं निळंच राहिलं. मडिवाळप्पाने त्या दिवशी घरी येऊन सुंदरम्माच्या फोटोपुढे उदबत्ती लावली.

पंच्याहत्तरच्या मे महिन्यात दाक्षायणीचं लग्न झालं. स्थळ दुधनीचं, मुलगा बसवराज. बाजारात त्यांचं अडतीचं दुकान होतं, ज्वारी आणि तूर यायची. मुलगा मितभाषी होता. घर चालवायची ती त्याची आई चन्नम्मा, लवकर विधवा झालेली, खणखणीत बाई. लग्नाच्या बोलणीच्या वेळी चन्नम्माने विचारलं होतं की मुलीची आई कशाने गेली. मडिवाळप्पा म्हणाला, अशक्तपणानं. स्वतःच्या पायाला भाजलं होतं असं सांगितलं. पोरीची नळी निळी होती, मग उगाच कशाला बोलायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

पुढच्या जानेवारीत दुधनीहून पत्र आलं. दाक्षायणीला सातवा लागला होता. डोहाळजेवण ठरलं होतं आणि चन्नम्माची इच्छा होती की हुग्गी मुलीच्या बापाच्याच हातची व्हावी. खाली दाक्षायणीच्या अक्षरात चार ओळी होत्या. सगळे तिची फार हौस करतात. तहान इतकी लागते की माठ मीच रिकामा करते म्हणून अत्ते, म्हणजे सासूबाई, हसतात. पोट खूप मोठं दिसतंय, जुळं असेल म्हणतात सगळ्या.

मडिवाळप्पाने पत्र दोनदा वाचलं. मग तो कुर्ले डॉक्टरांकडे गेला आणि नळी, निळ्या औषधाची बाटली आणि स्पिरिटचा छोटा दिवा मागून आणला. डॉक्टरांनी बजावलं, रंग बदलला तर एक दिवसही न थांबता तिला इकडे आणा. या दिवसांत साखर वाढली तर मूल पोटातच जातं. इंजेक्शनं दिली, पथ्य केलं, तर वाचवता येतं.

सकाळच्या पॅसेंजरने तो दुधनीला उतरला. घरात पाहुण्या जमल्या होत्या, परसात चूल पेटवली होती, खपली गहू भिजवून तयार होता. दाक्षायणी सामोरी आली. तिचा चेहरा सुजला होता, ओठ सुकले होते, आणि ती हसत होती. त्याने तिला परसात नेलं, तिच्याकडून बाटली भरून घेतली आणि गोठ्याच्या आडोशाला दिवा लावला. बसवराज पाणी तापवायला लाकडं न्यायला आला होता, तो तिथेच उभा राहिला. नळीत हिरवं येऊन गेलं, पिवळं येऊन गेलं. तांबडा गाळ बसला.

“हे काय हाय, मामा?” बसवराजने विचारलं. मडिवाळप्पाने त्याला सगळं सांगितलं. जावई ऐकत राहिला आणि म्हणाला, आईला सांगायला पाहिजे.

चन्नम्मा वाईट बाई नव्हती. सून घरात आल्यापासून तिने तिला काही कमी पडू दिलं नव्हतं. दिवस गेल्यापासून तर रोज सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी दूधभात साखर घालून, संध्याकाळी पेढे. दोन जिवांची आहे, खायलाच पाहिजे, हा तिचा एकच धोशा होता. व्याह्याने येऊन आधी लघवी उकळली हे कळल्यावरच ती बिथरली होती. आता तो म्हणत होता, गोड बंद करा, भात बंद करा, आणि आज डोहाळजेवण न करता पोरीला माझ्याबरोबर सोलापूरला पाठवा. पाहुण्या दारात जमून ऐकू लागल्या. एक म्हणाली, बाप असून लेकीच्या घासावर उठलाय.

तो समजावत राहिला. डॉक्टरांचे शब्द त्याने जसेच्या तसे सांगितले. कुणाला पटेना. धडधाकट, गुबगुबीत पोरीला रोग कसला? तेव्हा त्याला दुसरा इलाज सुचला नाही. दोन वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते त्याने सगळ्यांसमोर काढलं.

“विहीणबाई, हिची आई ह्याच रोगानं गेली. मला ठाव नव्हतं. मी तिला रोज माज्या हातानं हुग्गी घातली, वर तूप घातलं. मीच मारलं म्हणा. मला बी हाच रोग हाय. पाय भाजल्यालं बी कळलं न्हाय, म्हणून बोट गेलं. म्हणून हात जोडतो, तुमी हिला घालू नका.”

चन्नम्मा पाटावर बसली होती ती उठली. तिचा आवाज चढला नाही.

“म्हंजे आईला हुता आन् बापाला बी हाय,” ती म्हणाली. “लगीन जमवताना मी इच्यारलं हुतं. तवा का बोलला न्हाय?”

मडिवाळप्पाने जोडलेले हात खाली घेतले.

“रोगी रगत आमच्या घरात घातलं, आन् आता डोहाळे मोडाय आला. पोर हितंच बाळंत हुईल. तुमी जावा.”

मडिवाळप्पाने बसवराजकडे पाहिलं. बसवराज खाली मान घालून उंबऱ्याशी उभा होता. मग त्याने लेकीकडे पाहिलं. दाक्षायणी खांबाला टेकून उभी होती. आईबद्दल ती आत्ताच, या सगळ्या बायांबरोबर ऐकत होती. तिने पदर ओढून पोट झाकून घेतलं.

त्याने हुग्गी केली नाही. ती गावातल्याच कुणीतरी केली. तो दुपारच्या गाडीची वाट पाहत स्टेशनावर बसला असताना, घरात सवाष्णींनी दाक्षायणीच्या तोंडात घास भरवले. तिने ते खाल्ले. पुढे तिनेच बापाला सांगितलं की एकेक घास गिळताना ती मोजत होती, आणि एकीलाही नको म्हणायचा धीर तिला झाला नाही.

मडिवाळप्पा गप्प बसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कुर्ले डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन पोस्टाने बसवराजच्या दुकानावर पाठवली. चार दिवसांनी धोंडीरामला पाठवलं. त्याला ओसरीवरूनच परतवून लावलं. अठराव्या दिवशी सकाळी बसवराज एका जीपमधून तिला घेऊन सोलापूरला आला. दोन दिवस मूल हललं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात मुलगा झाला, मेलेला. आठव्या महिन्याचं मूल, वजन पावणेनऊ पौंड भरलं. नर्सने ते फडक्यात गुंडाळून मडिवाळप्पाच्या हातात दिलं तेव्हा त्याला वाटलं, एवढं भरलेलं, गोरं, गुटगुटीत पोर आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही. त्याने आणि बसवराजने ते रुद्रभूमीत पुरलं. संध्याकाळी बसवराज दुधनीला गेला. आठ दिवसांनी चन्नम्माचा निरोप आला, दाक्षायणीचे कपडे आणि भांडी एका ट्रंकेत भरून पाठवली होती. निरोप एवढाच होता, की तुमची पोर तुमच्याकडंच राहू द्या.

दाक्षायणी महिनाभर बापाशी बोलली नाही. तो पथ्याचं ताट करून समोर ठेवी, ती चार घास खाऊन सारी. डॉक्टरांनी तिला इंजेक्शनं सुरू केली होती. काचेची सिरिंज रोज उकळून, सकाळी जेवणाआधी मडिवाळप्पा तिच्या दंडात सुई टोचायचा. ती तोंड फिरवून बसायची. एकदा असंच टोचून झाल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, “आईचं मला का सांगितलं न्हाय?”

“तोंड झालं न्हाय.”

“मला ठाव असतं तर मी खाल्लं नसतं, अप्पा. अत्तेंच्या पाया पडून न्हाय म्हटलं असतं. तुमच्यासाठी दोन हंगाम चाखलं, तेवढं तरी सांगायचं.”

त्याने सांगायचा प्रयत्न केला की चाखल्याने काही झालं नाही, हे रक्तातलं आहे, असं डॉक्टर म्हणतात. तिने ऐकून घेतलं. मग ती उठली, ताट घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळं जेवली. हे रागानेच होतं, पण तिथून ती सावरत गेली. हळूहळू स्वयंपाक तिने आपल्याकडे घेतला. बापापेक्षा ती कडक निघाली. सणावारीही बोळात कुणाच्या घरचं पुरण ती उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. सकाळी दोन नळ्या तापायच्या, एक तिची, एक त्याची. तिची निळी-हिरवी राहू लागली.

त्याची राहीना. पथ्यात कुठे चूक नव्हती. डॉक्टर म्हणाले, रोग आधीच वीस वर्षांचा असेल, पायाच्या शिरा गेल्यात. शहात्तरच्या पावसाळ्यात त्याच उजव्या पायाची टाच फुटली. दिवाळीपर्यंत घोट्यापर्यंत काळं चढलं. दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापला आणि त्यानंतर ताप उतरलाच नाही. शुद्धीत असला की तो दाक्षायणीला एकच विचारायचा, तू जेवलीस का, आणि काय जेवलीस. ती सांगायची, दीड भाकरी, मेथी, ताक. तो मान हलवायचा. दहाव्या दिवशी सकाळी तो गेला. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की आता काय मागतील ते द्या, पथ्याचा उपयोग नाही. त्याने काही मागितलं नाही.

माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी बसवराज आला. नऊ महिने होऊन गेले होते. मधल्या काळात त्याने एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. अफझलपूरकडची एक मुलगी त्याला दाखवली होती, अशी बातमी धोंडीरामने आणली होती. तो हातात एक पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मी परत जाणार न्हाय. हितल्या मार्केटात एका अडत्याकडं काम बगितलंय.”

दाक्षायणीने त्याला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं. दीड भाकरी, हुलग्याचं कळण, अंबाडीची भाजी. तेवढंच तिने स्वतःलाही वाढून घेतलं. ह्या घरात हेच मिळेल, सणालाही हेच, असं तिने सांगितलं. तो मुकाट जेवला. भाकरी संपली तेव्हा त्याने आणखी मागितली नाही.

“त्या दिवशी नळी तुमच्यासमोर लाल झाली,” ती म्हणाली. “अप्पा सांगत हुते ते तुमाला पटलं हुतं. मग गप का बसला?”

बसवराजने ताट बाजूला सारलं. “आईम्होरं कदी तोंड उगडलं न्हवतं,” तो म्हणाला. “त्या दिवशी बी उगडलं न्हाय. आता रोज वाटतंय, उगडाय पायजे हुतं.”

“रोज वाटून काय हुतंय,” ती म्हणाली, आणि भांडी घेऊन मोरीकडे गेली.

तो रात्री पुढच्या खोलीत झोपला. तिने मधलं दार लावून घेतलं होतं.

सकाळी ती उठली तेव्हा तो चुलीपाशी उकिडवा बसून जाळ करत होता. तिने पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात सिरिंज आणि सुई टाकली. आपल्याला पुन्हा मूल होईल की नाही, झालं तर जगेल की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत, हे तिने पाणी उकळेपर्यंत त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, बरं. औषधाची बाटली तळव्यात फिरवून तिने सिरिंज भरली. अप्पांनी अंथरूण धरल्यापासून ती मांडीत टोचून घेत होती आणि तिथे आता गाठी झाल्या होत्या. तिने सिरिंज त्याच्या हातात दिली, चोळीची बाही वर सरकवली आणि दंडाची जागा बोटाने दाखवली.

सुई कातडीला लागून थांबली.

“थांबू नका,” ती म्हणाली. “थांबलं की जास्त दुकतंय.”

त्याने सुई आत घातली.